बूच उपटण्याआधी माझे ऐका

मी एक म्हातारा बेडूक आहे. पुन्हा सांगतो, बेडूक. अंगभर फोडांचा तो विषारी भेक नाही. एवढी साधी गोष्ट माणसांना आयुष्यभर कळली नाही, म्हणून तर आज हे आत्मवृत्त सांगायची पाळी माझ्यावर आली. नाहीतर आमच्या जातीला बडबडीची हौस नाही. आमच्याकडे एकच शब्द आहे, 'टुंग'. तंतुवाद्याची जाड तार कुणी बोटाने छेडावी तसा. त्या एका शब्दात आमचे सगळे भागते.

मित्रांनो, तुम्हाला मित्र म्हणतो आहे खरा, पण जरा सांभाळूनच म्हणतो आहे. तुमच्या भाषेत माझ्याबद्दल काय काय बोलतात ते मला ठाऊक आहे. ज्याला जगाची खबर नाही तो कूपमंडूक. ऐपतीबाहेर मिरवणारी बाई म्हणजे फुगलेली बेडकी. अरे, आम्ही तुमचे काय घोडे मारले आहे? मी पाण्यात राहिलो, जमिनीवर राहिलो आणि जमिनीच्या पोटातही राहिलो. तुमच्यातले किती जण तिन्ही ठिकाणी संसार करून आले आहेत? आणि वर जगाची खबर नाही म्हणून मलाच नावे ठेवता.

माझे घर दक्षिण गोलार्धात, क्वीन्सलँड प्रांतातल्या उसाच्या पट्ट्यात, ग्लेनिस आणि मर्व्ह हॉस्किंग या म्हाताऱ्या जोडप्याच्या परसात आहे. खांबांवर उभे असलेले लाकडी घर, मागे भाजीचे वाफे, वाफ्यांच्या पलीकडे आंब्याचे झाड आणि झाडाखाली ओतीव लोखंडाचा एक जुना आंघोळीचा टब. घोड्याला पाणी पाजायला म्हणून तो कधीकाळी घराबाहेर काढला. घोडा गेला, टब राहिला. एका बाजूने माती त्याच्या काठापर्यंत चढली, पाण्यावर शेवाळ आले. तळाच्या भोकाला साखळीचे रबरी बूच तेवढे तसेच राहिले. हे बूच लक्षात ठेवा. माझ्या सगळ्या खानदानाचा जीव त्या बुचात अडकलेला होता.

माझा जन्म त्याच टबातला. आमची मादी अंडी घालताना पुढच्या हातांनी पाणी घुसळते. ताकावर यावा तसा पांढरा फेस येतो आणि त्या फेसात अंडी सुरक्षित राहतात. आमच्या अंड्याला कोंबडीच्या अंड्यासारखे कवच नसते. नुसता मऊ, बुळबुळीत गर. ओल गेली की अंडे गेले. म्हणून तर तो फेस.

अंड्यातून मी बाहेर आलो तेव्हा मला पाय नव्हते. एक डोके आणि एक शेपूट, एवढाच माझा ऐवज. श्वास घ्यायचा तो कल्ल्यांनी, माशासारखा, पाण्यातला. म्हणून आम्हाला बेडूकमासे म्हणतात. दिवसभर टबाच्या कडेचे शेवाळ खरवडून खायचे आणि कुणी आपल्याला खात नाही ना, ते बघायचे. पुष्कळांनी खाल्ले. चतुराच्या अळ्यांनी खाल्ले, पाणकिड्यांनी खाल्ले, एकदा एक पांढरा बगळा येऊन टबाच्या काठावर उभा राहिला आणि अर्धी भावकी गिळून गेला.

तुमच्या पुस्तकात आमच्या आयुष्याचे एक गोल चित्र असते. अंडी, मग बाण. बेडूकमासा, मग बाण. पायवाला बेडूकमासा, मग बाण. शेवटी हसरा बेडूक. मास्तर म्हणतात, रंग भरा. तुम्ही हिरवा रंग भरता. खरे तर मी तपकिरी आहे, पण ते असो. मला राग त्या बाणांचा येतो. एकेका बाणात किती जण मेले ते कोणी काढत नाही. फेसभर अंड्यांतून टबाच्या काठावर पोचलो ते आम्ही मूठभर.

मला आधी मागचे पाय फुटले, मग पुढचे. त्या दिवसांत माझे तोंडच बदलत होते. शेवाळ खरवडायची चोच गळाली, जबडा रुंद झाला, पोटातले आतडे आखूड झाले. गवत खाणाऱ्याला कोणी एका आठवड्यात खाटीक बनवावे, तसे. तेवढ्यात खायचे काय? काही नाही. स्वतःची शेपूट आतल्या आत पचवत बसायचे. कल्ले मिटत आले होते आणि छातीत फुप्फुसे धरू लागली होती. एका सकाळी मी मातीच्या बाजूने काठावर चढलो, तोंड मिटले, घसा फुगवला आणि हवा आत ढकलली. आमच्याकडे तुमच्यासारखा छातीचा भाता नाही. घशानेच हवा गिळावी लागते. पहिला घोट टोचला, पण मी जिवंत राहिलो. पाण्यातला असून जमिनीचा झालो. याला उभयचर म्हणतात. शिवी नाही ती, पदवी आहे.

मग माझी कामाची वर्षे सुरू झाली. ग्लेनिसच्या वाफ्यांत मी राहायचो. माझ्या मागच्या पायांना कुदळीसारखे कडक उंचवटे आहेत. त्यांनी माती मागे लोटत, पाठमोरा, मी जमिनीत उतरतो. वर नांगर फिरला तरी पत्ता लागत नाही. कोरड्या महिन्यांत तसाच खाली झोपून राहतो आणि ओल्या कातडीने श्वास घेतो. पाणीसुद्धा मी तोंडाने पीत नाही, कातडीने पितो. जिभेने किडा पकडतो आणि तो घशाखाली उतरवायला डोळे आत दाबतो. हसू नका. तुम्ही डोळे वटारता, मी डोळ्यांनी गिळतो. कामाला कोणाचे डोळे जास्त येतात?

संध्याकाळी वर येऊन मी भुंगेरे, गोगलगायी, रातकिडे मटकवायचो. सॅलडची पाने काय यायची त्या वाफ्यात! एकालाही भोक नाही. शेजारची नोएलीन कुंपणावरून विचारायची, "ग्लेनिस, फवारतेस तरी काय गं?"

"छे, फवारायचं कशाला? माझं खतच तसं आहे," ग्लेनिस म्हणायची.

खत! मी राबराब राबायचे आणि श्रेय शेणाला.

एक मर्व्ह मात्र मला ओळखून होता. ऊस वाहणाऱ्या आगगाड्यांवर आयुष्य काढलेला, जाड भुवयांचा माणूस. संध्याकाळी तो व्हरांड्यात चहाचा पत्र्याचा मग घेऊन बसायचा. मी टबातून म्हणायचो, "टुंग". तो चमच्याने मगावर वाजवायचा, टुंग. "वाजला बघ माझा बॅन्जोवाला," असे स्वतःशीच म्हणायचा. मित्रांनो, आयुष्यात मला मिळालेली शाबासकी ती एवढीच. पण ती मला पुरत होती.

पुढे मर्व्हचे कान गेले. जन्मभर इंजिनांपाशी उभे राहून कान जाणारच. मुलाने कानात घालायचे यंत्र आणून दिले, ते मर्व्हने जुन्या किल्ल्यांच्या खणात टाकले. कानात माशी शिरल्यासारखे वाटते म्हणे. मी वाजायचो, पण मगावर चमचा पडेना. एक दिवस मीच ऐकले, तो ग्लेनिसला सांगत होता, "बॅन्जोवाले गेले गं सगळे. बरीच वर्षं झाली, एक नाही वाजला."

गेले? मी त्याच वेळी टबात बसून घसा फाटेस्तोवर ओरडत होतो!

आणि ग्लेनिस? तिचे कान शाबूत होते. तिने काय करावे? तिने व्हरांड्याच्या कठड्यावरून वाकून पावसाच्या पाण्याच्या टाकीकडे बघितले आणि म्हणाली, "मर्व्ह, ती पाइप परत ठणकतेय! किती वर्षं सांगतेय, घट्ट कर म्हणून!"

"उद्या बघतो," मर्व्ह म्हणाला. काय बघायचे ते त्याला कळलेच नव्हते.

म्हणजे बघा. तिला ऐकू यायचे पण कळायचे नाही, त्याला कळायचे पण ऐकू यायचे नाही. अशा दोघांच्या मध्ये माझे आयुष्य.

आता त्या भेकाबद्दल सांगतो. त्याचे नाव काढले की माझे रक्त तापते. आमचे रक्त थंड म्हणतात, ते खोटे नाही. जशी हवा तसे आमचे अंग. पण राग हवेवर चालत नाही.

भेक इथला नाही. तुमच्यासारख्याच शहाण्या माणसांनी त्याला समुद्रापलीकडून पेट्यांत भरून आणले. का, तर उसावरचे भुंगेरे खाईल. भुंगेरा बसतो उसाच्या शेंड्यावर आणि भेकाला धड उडी मारता येत नाही. एवढेही कोणी बघितले नाही. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. भेकाने भुंगेरे सोडून बाकी सगळे खाल्ले आणि पोरवडा इतका वाढवला की ओढे काळे झाले. त्याच्या खांद्यांमागे विषाच्या दोन जाड गाठी असतात. त्याला तोंडात धरले की धरणारा मेला. सरडे मेले, साप मेले. आणि मग बिस्किट मेला.

बिस्किट म्हणजे हॉस्किंगांचा कुत्रा. पिवळट, एक कान पडलेला. तो रोज टबातले पाणी प्यायला यायचा. पहिल्यांदा त्याने मला पाहिले तेव्हा नाक लावून हुंगले, शिंकला आणि निघून गेला. पुन्हा कधी माझ्या वाटेला गेला नाही. एका उकाड्याच्या संध्याकाळी त्याच्याच ताटलीत एक भेक येऊन बसला, त्याचेच जेवण खात. बिस्किटने त्याला तोंडात धरले. तोंडाला फेस आला, पाय ताठ झाले. ग्लेनिस नळाच्या पाण्याने त्याचे तोंड धूत होती, धूतच होती. तो तिच्या मांडीवर गेला.

आंब्याखाली, टबाच्या शेजारी, त्यांनी त्याला पुरले. वर त्याचा पट्टा ठेवला. ग्लेनिस तिथे बसून इतकी रडली की मी मातीखाली होतो, तरी मला वर यावेसे वाटले नाही. त्या दिवशी मला तिचे दुःख कळले. मी ते नाकारत नाही.

पण दुसऱ्या दिवसापासून ती बदलली. हातमोजे, कपाळाला बांधायचा दिवा आणि बादली. गावच्या सभागृहात दर शनिवारी मारलेल्या भेकांची बादली तोलत. काट्यापाशी नोएलीन उभी असे. ज्याची बादली सर्वांत जड त्याला खाटकाकडची भरलेली परात बक्षीस. चॉप्स, सॉसेज, वर कोथिंबिरीसारखा हिरवा पाला. मारायची रीतही ठरलेली. भेकाला डब्यात घालून आधी फ्रिजमध्ये ठेवायचे. थंडीने तो गुंगतो, झोपतो. मग बर्फाच्या कप्प्यात. त्याला दुखू नये म्हणून. सगळे दयेने चालते, बरे का.

आमच्याकडे पावसाळा नाताळानंतर येतो; त्या पावसात एक मादी माझ्याकडे आली होती. मोठ्या पोटाची, कुशीला लाल रंगाची. आम्ही टबात फेस घुसळला. आमची अंडी त्यात घातली. दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला ती काठावरून गवतात उतरली, पुन्हा जमिनीत जायला. तेवढ्यात दिव्याचा झोत आला.

"आलास का रे फोडावळ्या?" ग्लेनिस म्हणाली. "माझ्या बिस्किटच्या पाण्यापाशी येतोस? चल."

तिने उलटून बघितले असते तर कुशीचा लाल रंग दिसला असता. ओठाखालून गेलेला फिकट पट्टा दिसला असता. डोळ्यांवर हाडाच्या कडा नाहीत, खांद्यामागे गाठी नाहीत, हे दिसले असते. तिने उलटून बघितले नाही. कुरूप दिसला की भेक, एवढेच तिचे शास्त्र. मी फेसाखाली पाण्यात होतो. मी काय करणार होतो? आमच्याकडे एकच शब्द आहे. मी तो ओरडलो.

"मर्व्ह!" ग्लेनिस बादली उचलत ओरडली. "पाइप!"

शनिवारी तिची बादली जिंकली. नोएलीन स्वतः सांगत आली, "अगं, केसाइतक्या फरकाने गं! काटा असा नुसता हलला." मित्रांनो, तो काटा ज्या वजनाने हलला ते वजन माझ्या ओळखीचे होते. त्या संध्याकाळी व्हरांड्यात सॉसेजचा वास सुटला होता. मी वाजलो नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. पण संन्याशाला फाशी देऊन वर मेजवानी कोण करते?

अंडी फुटली. टब बेडूकमाशांनी भरला. माझी पोरे. मी वाफ्यात राहायचो आणि संध्याकाळी येऊन बघून जायचो. चतुरांतून वाचली, किड्यांतून वाचली, चांगली जाडजूड झाली. काहींना मागच्या पायांचे कोंब फुटले होते. पण श्वास अजून कल्ल्यांचाच. पाणी गेले तर तिथल्या तिथे तडफडून मरायची. आणि नेमके तेव्हाच ग्लेनिसचे लक्ष टबाकडे गेले.

"मर्व्ह, इकडे ये! ही पिल्लावळ बघ भेकाची. बिस्किटच्या डोक्याशी!"

मर्व्ह सावकाश आला. चष्मा घरात राहिला होता. "काहीतरी वळवळतंय खरं," म्हणाला.

"बूच उपट ते. वाळू दे सगळं."

मर्व्हने साखळी ओढली. बूच हलले नाही. इतक्या वर्षांचे रबर, ते भोकाला चिकटून बसले होते. "पक्कड आणायला हवी," तो म्हणाला. "रविवारी काढतो."

"विसरशील."

"नाही विसरत. रविवारी म्हणजे रविवारी."

मी ते ऐकले. टाकीची पाइप जन्मात न बघणारा हा माणूस नेमका याच कामाला वार देऊन बसला. माझ्या पोरांचे आयुष्य आता एका पक्कडीवर आले होते.

शनिवारी सकाळी ग्लेनिस वाफा उकरत होती. काट्याच्या फावड्याने तिने ढेकूळ उलटले, आणि ढेकळात मी. उन्हाने माझे डोळे दिपले. हातमोज्यातला हात आला, आइस्क्रीमचा एक रिकामा डबा आला, झाकण लागले. मग फ्रिजचे दार उघडल्याचा आवाज.

फ्रिजमध्ये मी लोणी आणि बीटच्या उघड्या डब्याच्या मध्ये होतो. थंडी हळूहळू अंगात शिरली. मी सांगितलेच, जशी हवा तसे आमचे अंग. पाय जड झाले. हृदय ठोका द्यायला विसरू लागले. मला रागावायचे होते. ग्लेनिसवर, भेकावर, त्याला आणणाऱ्यांवर, त्या पक्कडीवर. पण मित्रांनो, मघाशी मी बढाई मारली ती चूक. राग यायलासुद्धा ऊब लागते. माझा रागही गोठत चालला होता, आणि आयुष्यात भीती मला फक्त तेव्हा वाटली.

दुपारी नोएलीन चहाला यायची होती. ग्लेनिसने चॉकलेट आणि खोबऱ्यात घोळवलेले केक करून ठेवले होते आणि मर्व्हला बजावले होते, "त्यांना हात लावलास तर याद राख. डॉक्टर काय म्हणाले आठवतंय ना?" मर्व्हला साखरेचा आजार. आणि साखरेच्या आजाराच्या माणसाला घरातला गोडाचा एकेक डबा आंधळेपणीही सापडतो. ग्लेनिस पुढच्या दाराशी नोएलीनला घ्यायला गेली तशी मर्व्हने फ्रिज उघडला. लोण्याशेजारी आइस्क्रीमचा डबा. त्याला वाटले, बायकोने पाहुणीसाठी काही गोड लपवून ठेवले आहे. चमचा हातात घेऊनच त्याने झाकण उघडले.

आत मी.

"अरे देवा," मर्व्ह म्हणाला. पण त्याने झाकण लावले नाही. चष्मा कपाळावर होता तो त्याने खाली ओढला. मग ओल्या फडक्याने हात पुसून त्याने मला उचलले आणि उलटे केले. त्याने उलटे केले! माझी लाल कूस त्याच्या डोळ्यांसमोर आली.

त्याचा तळवा गरम होता. इतक्या वर्षांचे ग्रीस मुरलेला, जाड, पण गरम. मला अंग परत येऊ लागले. आधी बोटे, मग घसा. अंगात ऊब आल्याबरोबर पहिला आला तो राग. मर्व्हची बोटे माझ्या कुशींभोवती होती, आणि बेडकाला मागून कुणी असे धरले की तो 'सोड' म्हणतो. सोड म्हणायलाही आमच्याकडे तेच एक वाद्य. माझा सगळा राग, तिच्यासाठीचा, पोरांसाठीचा, घशात गोळा झाला आणि मी म्हणालो,

"टुंग!"

मर्व्हला ऐकू आले नाही. पण त्याचा हात हादरला. तो ठोका त्याच्या तळव्यातून मनगटापर्यंत गेला असणार, कारण तो मटकन खुर्चीत बसला.

"ऐकलंस ना!" दारातून ग्लेनिसचा आवाज आला. मागे नोएलीन टोपी काढत होती. "नोएलीन, हीच ती पाइप. पंधरा वेळा सांगितलं याला..."

"कुठली पाइप?" नोएलीनने विचारले. "इथनं आला आवाज."

मर्व्हने हात पुढे केला. मी पुन्हा म्हणालो, "टुंग!" ग्लेनिसने टाकीकडे बघितले, मग माझ्याकडे बघितले. नळ बंद होता. टाकी भिंतीपलीकडे होती. पाइप कोणाच्याही तळहातावर बसलेली नसते.

"भेक आहे तो," ग्लेनिस म्हणाली, पण आवाज बारीक झाला होता. "अंगावर बघ ना त्याच्या, कसं खरबरीत आहे."

"खरबरीत तर मीही आहे," मर्व्ह म्हणाला. "मलाही घालतेस का फ्रिजमध्ये? हा बॅन्जोवाला आहे, ग्लेन. भेक मोटार चालू ठेवल्यासारखा घुरघुरत राहतो. टुंग करतो तो हाच. कूस बघ याची. गाठ कुठाय विषाची? दाखव मला. मी म्हणत होतो गेले म्हणून. गेले नव्हते. तू इतकी वर्षं ऐकत होतीस आणि मला पाइप सांगत होतीस!"

"तूच कानात ते यंत्र घातलं असतंस तर?"

"माझ्या कानांचं काढू नकोस. तुझे धड आहेत ना?"

मग नोएलीन सावकाश म्हणाली, "ग्लेनिस, तू जिंकलीस त्या वेळी तुझ्या बादलीत एक होती बघ. लाल कुशीची. मला वाटलं, लागून रक्त आलं असेल..."

"गप्प बस, नोएलीन."

"मी आपलं..."

"गप्प बस म्हटलं ना!"

ग्लेनिसने खुर्चीची पाठ धरली. तिचा चेहरा बिस्किटच्या दिवशी होता तसा झाला. मी बघत होतो. मारणाऱ्याला जेव्हा कळते तेव्हा तो कसा दिसतो, ते मला बघायचेच होते.

"टब," मर्व्ह एकदम उठत म्हणाला.

तिघेही धावले. मी मर्व्हच्या हातात. ग्लेनिस टबापाशी गुडघ्यांवर बसली आणि पहिल्यांदाच नीट बघितले. भेकाची पिल्ले बारकी, कोळशासारखी काळी आणि थव्याने फिरणारी असतात. त्यांच्या अंड्यांच्या दोऱ्या काळ्या मण्यांच्या माळेसारख्या पाण्यात गुंतलेल्या असतात. इथे तसे काही नव्हते. इथे होती माझी तपकिरी, जाडजूड, सुस्त पोरे. एक वर आले, हवेचा घोट घेऊन पुन्हा खाली गेले. मागे दोन कोवळे पाय लोंबत होते.

मर्व्हने मला काठावर ठेवले. मी पाण्यात गेलो आणि तळाशी बुचाजवळ जाऊन बसलो. कोणावर भरवसा ठेवायचा?

रविवारी पक्कड आली. ती ग्लेनिसच्या हातात होती. तिने बाह्या सारल्या, पाण्यात हात घातला आणि साखळी धरली. मी तिच्या बोटांसमोर तसाच बसून राहिलो. खटकन आवाज झाला. तिने बूच नाही उपटले. तिने साखळी कापली, बुचाच्या अगदी मुळाशी, म्हणजे पुन्हा कोणाला ते ओढताच येऊ नये. मग ती साखळी तिने बिस्किटच्या पट्ट्याशेजारी ठेवली.

पुढच्या शनिवारी सभागृहात ती सगळ्यांदेखत म्हणाली, "त्या दिवशीची परात माझी नव्हती. माझ्या बादलीत भेक नव्हता असा एक जीव होता." आता तिथे बादली तोलण्याआधी प्रत्येक प्राणी उलटून बघतात. उजेडात, ओल्या हाताने. नोएलीनच बघते, आणि एखादा आमच्यातला निघाला तर आणणाऱ्याला असे काही फैलावर घेते की तो पुन्हा झोतामागे आंधळा धावत नाही. भेक अजून आहेत. त्यांना पकडतातच, पकडायलाच हवे. मी त्यांची वकिली करायला बसलेलो नाही.

संध्याकाळी मी वाजतो. मर्व्हने यंत्र कानात घातलेले नाही ते नाहीच. पण मी वाजलो की ग्लेनिस त्याच्या गुडघ्यावर बोट टेकवते आणि तो मगावर चमचा मारतो. परवा टबातून दुसरा एक आवाज आला, बारीक आणि जरा बेसूर. माझ्या आधीच्या एखाद्या पावसाळ्यातला पोरगा असणार. ग्लेनिसने मर्व्हच्या गुडघ्यावर आणखी एक बोट टेकवले.

मी तिला माफ केले का, असे तुम्ही विचाराल. नाही केले. बिस्किटला नाव होते, म्हणून त्याला कबर मिळाली, पट्टा मिळाला, रडणारे मिळाले. आमच्यात नावे नसतात. ती मोठ्या पोटाची, लाल कुशीची मादी काट्यावर गेली आणि परातीचे वजन झाली. तिच्यासाठी रडायला एक मीच. तेही कोरड्या डोळ्यांनी, कारण बेडकाचे रडणे कोणाला दिसत नाही.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या पुस्तकातल्या गोल चित्रात रंग जरूर भरा. पण परसात, विहिरीवर, शेतात आमच्यातला कोणी दिसला आणि तो कुरूप आहे म्हणून तुमचा हात दगडाकडे गेला, तर आधी थांबा. वाकून बघा. तो काय म्हणतो ते ऐका. फार शिकावे लागत नाही त्याला. बिस्किटला एकदा हुंगून जमले होते, आणि तो तर कुत्रा होता.